सव्वा बोट

दोतोर एवारिश्त आमच्या अंगणात आले तेव्हा
बाबा पाळण्याचे पोपट रंगवत बसले होते.
दोतोरांनी पिशवीतून मेलेली अडई काढली,
रंध्याच्या भुशावर ठेवली.
चोचीत अजून भाताचा एक दाणा.
"मेस्ता, असल्या बारा कर. लाकडाच्या.
तरंगायला हव्यात."

तोवर बाबांनी देव्हारे केले होते,
पालखीचा दांडा, चौरंग,
इगर्जीसाठी मेणबत्त्यांचे उंच खांब,
कुणाच्या तरी लंगड्या खुर्चीचा चौथा पाय.
जिवंत पाखराला फसवणारं पाखरू
कुणी मागितलं नव्हतं.

तीन पहाटे आम्ही करमळीच्या तळ्यावर गेलो.
रात्रभर खाजनात चरलेल्या अडया
शीळ घालत परतायच्या,
आणि पाणी तपकिरी होऊन जायचं.
बाबा मला म्हणाले, मोज.
मी अडया मोजत होते.
ते माना मोजत होते, हे मला उशिरा कळलं.

देवाला फणस, पाण्याला सावर.
वाकसाने अंग, पटाशीने शेपूट,
फुटक्या बाटलीच्या काचेने पाठ गुळगुळीत,
पोटाखाली जाळ्याचं शिसं.
रंग गेरूचा, त्यावर काजळी.
डोळे माझ्याकडे:
आगपेटीच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं,
बुडवायचं, टेकवायचं, श्वास सोडायचा.
मी नऊ वर्षांची होते.

पहिल्याच पहाटे खऱ्या अडया
आमच्या अडयांशेजारी उतरल्या.
बार आमच्या घरापर्यंत ऐकू आले.
दोतोरांनी केळीच्या पानात बांधून जोडी पाठवली,
आईने ती मागच्या दारानेच
कुणाला तरी देऊन टाकली.
पैसे बाबांनी घेतले.
लपवण्यासारखं त्यात काही नाही,
माझ्या वह्या त्यातूनच आल्या.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बारा.
जुन्यांच्या अंगात छर्रे रुतले होते,
पाणी पिऊन त्या कलंडत होत्या.
नव्या इतक्या देखण्या झाल्या
की दोतोरांनी एक घरी नेऊन
दिवाणखान्यात ठेवली.
उरलेल्या अकरा पाण्यावर.

आणि अडया आल्या.
एक घेरा घेतला, दुसरा घेतला,
शीळ घातली
आणि दिवाडीच्या बाजूला निघून गेल्या.
रोज. महिनाभर.
दोतोरांनी वाऱ्याला दोष दिला,
होडीवाल्याला दिला, चांदण्याला दिला,
शेवटी बंदूकच विकली.

बाबा गेल्यावर मी खोपटं आवरत होते.
करवती, किंकरी, खिळ्यांचा डबा,
आणि गोणपाटात गुंडाळलेल्या दोन अडया,
एक पहिल्या हिवाळ्याची, एक दुसऱ्या.
मी त्या शेजारी ठेवल्या.
नवीची मान सव्वा बोट उंच होती.

तळ्याकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.
निवांत अडई मान खांद्यात घेऊन बसते.
मान ताणते
ती काहीतरी ऐकलं म्हणून.
अशा अकरा जणी पाण्यावर
एकदम मान ताणून बसलेल्या,
तिथे कोण उतरेल?

हात चुकला असेल, असं भाऊ म्हणतो.
सूतभर फरकासाठी
बसवलेली चौकट उखडून काढणारा माणूस.
अकरा वेळा चुकला असेल?

त्या अडया दिवाडीला का जातात, असं
मी एकदा बाबांना विचारलंही होतं.
त्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं,
पटाशीची धार ते अंगठ्याने बघायचे.
म्हणाले, "सावर पाण्यात फुगते गो."
आणि धार लावत राहिले.

जुनी मी भावाला दिली.
नवी माझ्या खिडकीत आहे.
अंग त्यांचं, मान त्यांची,
डोळे माझे: एक मोठा, एक बारीक.
दुसऱ्या हिवाळ्यात मला खेळायला जायची घाई असायची.
सूतभर चुकलेलं खपवून न घेणारे बाबा
त्यावर काहीच बोलले नव्हते.